शेती आहे, पगार नाही : धर्माबादसारख्या गावातून परदेशात बिझनेसची डिग्री करायची, तर पैसा कुठून आणायचा?

नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेवरचं, लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं तालुक्याचं गाव. इथल्या एखाद्या घरात पाच एकर शेती असते, आडत बाजारात छोटासा व्यवहार असतो किंवा वडिलांची शाळेत शिपायाची नोकरी असते. महिन्याची कमाई २५-३० हजार. अशा घरातली मुलगी बी.कॉम. करून दोन-तीन वर्षं पुण्यात किंवा हैदराबादला नोकरी करते आणि एक दिवस म्हणते, "मला बाहेर जाऊन एमबीए करायचंय." घरात पहिला प्रश्न येतो तो पैशाचा, आणि दुसरा लगेच त्याच्यामागून येतो : शेत विकायचं का?

या दोन प्रश्नांची उत्तरं आज नीट समजून घेऊ. आधी एक जुनं उदाहरण.

बाबासाहेबांनी पैसा कसा उभा केला होता?

१९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. पुढे लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं.

म्हणजे शिष्यवृत्ती, स्वतःच्या नोकरीतली बचत आणि कर्ज. शंभर वर्षांनंतरही साध्या घरातल्या मुलांसाठी पैशाचे मार्ग हेच तीन आहेत, आणि त्यांचा क्रमही हाच ठेवलेला बरा. आपल्याकडे बऱ्याचदा सुरुवातच कर्जापासून होते, तिथे गणित बिघडतं.

पहिला मार्ग : सरकारी शिष्यवृत्ती

महाराष्ट्र सरकार परदेशी पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलतं, हे ग्रामीण भागात अजून अनेकांना माहीत नसतं. प्रवर्गानुसार वेगवेगळे विभाग या योजना चालवतात :

• अनुसूचित जाती आणि नवबौद्ध : राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सामाजिक न्याय विभाग, दरवर्षी ७५ जागा.
• मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा : सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती, ७५ जागा.
• ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग : इतर मागास बहुजन कल्याण विभाग.
• अनुसूचित जमाती : आदिवासी विकास विभाग.
• अल्पसंख्याक : अल्पसंख्याक विकास विभाग.
• खुला प्रवर्ग : उच्च व तंत्रशिक्षण विभाग.

निकष आता बरेच सारखे झाले आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, पदव्युत्तरसाठी वय ३५ पर्यंत आणि प्रवेश क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असलेल्या विद्यापीठात. फी, राहण्याचा भत्ता, विमान तिकीट आणि आरोग्य विमा यांचा त्यात समावेश असतो. गुणांची अट आणि फीची कमाल मर्यादा मात्र बदलत राहते, म्हणून ज्या वर्षी अर्ज करणार त्याच वर्षीची जाहिरात वाचा.

केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती वेगळी आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत, ६ विमुक्त-भटक्यांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. इथे विद्यापीठ पहिल्या ५०० मध्ये असलं तरी चालतं आणि व्यवस्थापन, वाणिज्य, वित्त हे विषय बसतात. बाप भूमिहीन शेतमजूर असेल तर ही योजना नक्की बघा.

सरकारखेरीज ब्रिटनची चिव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. साधारण दोन वर्षांच्या नोकरीचा अनुभव लागतो, एक वर्षाची पदवी होते आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. एमबीएच्या फीला मात्र तिथे मर्यादा आहे, वरचे पैसे स्वतः भरायचे. जे. एन. टाटा एन्डाउमेंट (स्थापना १८९२), के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन 'कर्ज-शिष्यवृत्ती' देतात. नावात शिष्यवृत्ती असली तरी ही रक्कम परत करायची असते. महिंद्रा आणि सेखसरियांचं कर्ज बिनव्याजी आहे. इनलॅक्स शिष्यवृत्तीचं नाव खूप ऐकू येतं, पण ती बिझनेसच्या शिक्षणाला मिळत नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. सरकारी शिष्यवृत्तीचा निकाल आणि विद्यापीठाची फी भरायची तारीख यांचा मेळ बसेलच असं नाही. पहिल्या हप्त्याची सोय वेगळी करून ठेवावी लागते.

दुसरा मार्ग : जिथे फी कमी, तिथे जा

अमेरिकेतल्या नामांकित बिझनेस स्कूलची फक्त फी वर्षाला ७५ हजार डॉलरच्या वर गेली आहे. ९० रुपयांच्या दराने ती ६७ लाखांपेक्षा जास्त होते, आणि एमबीए दोन वर्षांचं. हार्वर्डसारख्या संस्था घरची परिस्थिती बघून फीत मोठी सवलत देतात, त्यामुळे तिथे प्रवेश मिळाला तर गरिबी आड येत नाही. अडचण होते ती मधल्या फळीतल्या महागड्या, पण मदत न देणाऱ्या कॉलेजांत.

जर्मनीचं गणित वेगळं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाला फी नसते, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क असतं. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. इथे एक बारकावा आहे, ज्यात बरेच जण फसतात : 'एमबीए' नावाचा अभ्यासक्रम जर्मनीतही सहसा पैसे घेऊनच चालतो. फी नसते ती व्यवस्थापनातल्या एमएस्सीसारख्या नियमित मास्टर्सला. त्यासाठी पदवीत अर्थशास्त्र, लेखाशास्त्र, संख्याशास्त्र किती शिकलात हे क्रेडिटमध्ये मोजलं जातं.

जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे १२ लाखांच्या पुढची रक्कम, 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये आधी भरावी लागते. हे पैसे तुमचेच असतात, दरमहा ९९२ युरो असे परत मिळतात. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही लागतं, त्याची फी १८,००० रुपये. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं.

ब्रिटनमध्ये पदवी एका वर्षात होते, हा मोठा फायदा, कारण राहण्याचा खर्च आणि बुडालेला पगार दोन्ही निम्मे होतात. पण व्हिसासाठी दाखवायचे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. चुलत्याकडून दोन दिवसांसाठी आणून भरलेले पैसे तिथे चालत नाहीत.

तिसरा मार्ग : कर्ज, आणि सातबाऱ्याची अडचण

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागू शकतो आणि त्यावर मालमत्ता तारण द्यावी लागते. परदेशी शिक्षणासाठी एकूण खर्चाच्या १५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, फेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळते.

इथे शेतकरी घराची गाडी अडते. वडील विश्वासाने सातबारा घेऊन बँकेत जातात आणि अधिकारी म्हणतात, शेतजमीन तारण चालणार नाही. यामागे कायद्याचं कारण आहे. कर्ज बुडालं तर बँक कोर्टात न जाता तारण ताब्यात घेते ती २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, आणि त्या कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीला तो लागू होत नाही. म्हणून बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला घर, फ्लॅट, दुकानाचा गाळा, अकृषिक प्लॉट किंवा मुदतठेव मागतात.

मग पर्याय काय?

• नगर परिषद हद्दीतलं घर किंवा गाळा असेल तर कागद आधी नीट करा. वारसांची नावं लागली आहेत का, बांधकाम परवाना आहे का, हे बघा. गावठाणातल्या घराचा फक्त ग्रामपंचायतीचा उतारा बँकेला पुरत नाही. स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती सोबत ठेवा.
• मामा, काका किंवा आजोळची मालमत्ता त्यांच्या संमतीने तारण देता येते. ते कर्जात बांधले जातात, हे त्यांना स्पष्ट सांगून मगच सही घ्या.
• निवडक नामांकित विद्यापीठांत प्रवेश असेल तर काही बँका मोठी रक्कमही विनातारण देतात. म्हणजे कोणत्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, यावर कर्ज अवलंबून असतं. अर्ज पाठवण्याआधी बँकेची यादी बघा.
• शेती उत्पन्नावर कर नाही म्हणून घरात कोणी रिटर्न भरत नाही, पण बँक सहकर्जदाराचं उत्पन्न कागदावर मागते. दोन-तीन वर्षं आधीपासून रिटर्न भरायला लागा.
• वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल किंवा 'सेटलमेंट' झालेली असेल, तर ते सिबिलमध्ये दिसतं. सहकर्जदार ठरवण्याआधी सिबिल काढून बघा.

ओबीसी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज त्यात ठरावीक मर्यादेत परत मिळतं. जुन्या प्राप्तिकर पद्धतीत कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं कलम ८०ई म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे. आणि १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या पैशांवर टीसीएस कापला जात नाही.

दोन नावांपासून सावध राहा. अल्पसंख्याकांसाठीची 'पढो परदेश' व्याज सवलत २०२२-२३ पासून बंद आहे, तरी मोबाइलवर तिचे मेसेज फिरत असतात. आणि पीएम-विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

किती कर्ज झेपेल? एक साधा हिशोब

व्याजदर १० टक्के धरू. ४० लाख कर्ज सुरुवातीलाच पूर्ण उचललं, तर हप्ता सुरू होईपर्यंतच्या दोन वर्षांत साध्या व्याजाने ८ लाख चढतात. ४८ लाखांचा १५ वर्षांसाठी हप्ता येतो महिना सुमारे ५१,६०० रुपये.

तेच कर्ज १५ लाख असेल, तर दोन वर्षांत ते १८ लाख होतं आणि हप्ता सुमारे १९,३०० रुपये येतो.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा : तिकडे नोकरी लागली नाही आणि परत येऊन पुण्यात किंवा हैदराबादला महिना ५०-६० हजारांची नोकरी धरावी लागली, तर यातला कोणता हप्ता झेपेल? परदेशातल्या पगारावर हिशोब मांडू नका. व्हिसाचे नियम तुमच्या हातात नसतात. ब्रिटनने शिक्षणानंतर राहण्याची मुदत दोन वर्षांवरून १८ महिने करायचं ठरवलं आहे, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती लागू होईल. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. रुपयाही थांबत नाही : २०१४ मध्ये ६० रुपयांच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या पुढे गेला. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाची फी रुपयांत वाढणार, हे धरूनच रक्कम मंजूर करून घ्या.

मग शेत विकायचं का?

बँकेला शेत तारण चालत नाही, म्हणून ते विकून रोख उभी करावी असा विचार इथेच डोक्यात येतो. एजंटही तेच सुचवतात. त्यांच्यातल्या अनेकांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे तुमची निवड पैशाच्या दृष्टीने बरोबर आहे की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचं मोठं प्रकरण उघड झालं, त्यात पैसे आणि वर्षं गेली ती विद्यार्थ्यांची. प्रवेशपत्र थेट विद्यापीठाच्या ईमेलवरून तपासा, आणि बिझनेस स्कूलला एएसीएसबी, इक्विस किंवा एएमबीए यांपैकी एखादी मान्यता आहे का ते बघा.

कर्ज बुडालं तर सिबिल खराब होतं, तडजोड करता येते, मुदत वाढवून घेता येते. विकलेलं शेत त्याच भावात परत मिळत नाही, आणि त्यावर फक्त शिकणाऱ्या मुलीचं नाही, तर भावंडांचं आणि म्हातारपणी आईबापाचं पोट असतं. शेत विकल्याशिवाय जमतच नसेल, तर बहुधा निवडलेलं कॉलेज महाग आहे. दुसरा देश, दुसरं कॉलेज किंवा एक वर्ष उशीर, यांचा विचार आधी करा.

दोन वर्षं आधीपासून काय करायचं?

जायच्या दोन वर्षं आधी : नोकरीतून बचत सुरू करा, घरच्यांचं रिटर्न भरायला लागा, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता काढून ठेवा. जात वैधतेला वेळ लागतो, ती सगळ्यात आधी टाका.

एक वर्ष आधी : जीमॅट आणि इंग्रजीची परीक्षा द्या. धर्माबादहून हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, रेल्वेही थेट आहे, परीक्षा केंद्र तिथलं निवडता येतं. निदान एक अर्ज कमी फीच्या विद्यापीठात टाकाच.

प्रवेश मिळाल्यावर : शिष्यवृत्तीचा अर्ज आणि बँकेची फाईल एकाच वेळी चालू ठेवा. शिष्यवृत्ती लागली तर कर्ज उचलू नका, किंवा कमी उचला. मंजूर झालेलं सगळं कर्ज घेतलंच पाहिजे असा नियम नाही.

परीक्षा, अर्ज, व्हिसा, तिकीट यांचा खर्च कर्ज मंजूर होण्याआधीच सुरू होतो. तेवढे पैसे पगारातून बाजूला पडले असतील, तर निम्मी धावपळ वाचते.