निखारे वर, निखारे खाली

केक ही साहेबाची चीज, आपल्या चुलीवरची नव्हे, असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. मीही तसेच मानीत होते. विजेचा ओव्हन घरात आला तेव्हा पुस्तक समोर ठेवून मी पहिला केक केला. मैदा, साखर, लोणी काट्यावर मोजले, १८० अंशांवर काटा लावला. केक वरून करपला आणि आत कच्चा राहिला. नानीने सुरी खुपसून पाहिली आणि एवढेच विचारले, "आग कोणी बघितली?"

शाळेत मी इतिहास शिकवते, म्हणून असेल, हा प्रश्न डोक्यातून जाईना. जुन्या ग्रंथांत आगीबद्दल काय लिहिले आहे ते पाहू लागले. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शाही तंदुरातल्या मोठ्या रोटीचे माप दिले आहे : दहा शेर पीठ, पाच शेर दूध, दीड शेर तूप, पाव शेर मीठ. तंदूर किती तापवावा, रोटी कधी काढावी, हे मात्र तिथे नाही. ते नानबाईच्या हाताला ठाऊक होते, आणि लिहिणारा नानबाई नव्हता. युरोपातही फार वेगळे नव्हते. तिकडच्या बायका भट्टीत कागद किंवा चिमूटभर पीठ टाकून त्याचा रंग पाहत. ब्रिटनमध्ये 'रेग्युलो' हे गॅसच्या भट्टीची आच आपोआप राखणारे यंत्र आले ते १९२३ साली. म्हणजे ज्या १८० अंशांना मी शास्त्र समजत होते, त्यांचे घरगुती वय जेमतेम शंभर वर्षांचे.

भट्टी मात्र फार जुनी. कुरआनात नूह अलैहिस्सलाम यांच्या तुफानाची खूण म्हणून तन्नूर उसळल्याचा उल्लेख सूरह हूदमध्ये आणि सूरह मोमिनूनमध्ये आहे. तफसीरकारांनी या शब्दाचे अर्थ निरनिराळे लावले आहेत, पण त्यांतला एक सरळ अर्थ रोटीची भट्टी हाच आहे. एवढा महापूर, आणि त्याची पहिली खूण भट्टीत! (अरबीत सुक्या खुसखुशीत भाजणीला 'कअक' म्हणतात. केकशी त्याचे नाते जोडायचा मोह उर्दूच्या शिक्षकाला होतोच, पण इंग्रजी शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला आहे. असो.)

आमच्या किनाऱ्यावर तंदूर घरोघर नव्हता, कारण इथे गहू नव्हता. भात आणि नाचणी पिकते. तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, ते वायू धरून फुगत नाही. म्हणून भाकरी तव्यावर, आणि जाड गोड पदार्थ भाजायचा तर निखाऱ्यांत. काकडीचे धोंडस कोकणात असेच होते. तांदळाचा रवा, किसलेली काकडी, गूळ, खोबरे एकत्र शिजवून जाड बुडाच्या टोपात घालायचे, वर ताट ठेवायचे आणि ताटावर निखारे. नानी रव्याचा केकही याच रीतीने करी. विस्तव करवंट्यांचा, कारण तो कडक पेटतो आणि बराच वेळ टिकतो. खाली निखारे थोडे, वर जास्त. खालची आच थेट बुडाला लागते, वरची ताटातून उतरून जाते, हे गणित तिला कोणी शिकवले नव्हते. बिर्याणीच्या दमाचे तत्त्वही हेच. म्हणजे ओव्हन आमच्या घरात आधीपासूनच होता, फक्त त्याला दार नव्हते.

पाव मात्र खरोखरच बाहेरून आला. १५१० नंतर गोव्यात पोर्तुगीज आले, त्यांच्या 'पांव' या शब्दाचाच आपला पाव झाला. खमीर मिळेना म्हणून माडाच्या ताडीने पीठ फुगवले. पुढे या पावाभोवती किती भीती उभी राहिली! विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवली, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत अजून सांगतात. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे दिली गेली, तर त्यावरून ग्रामण्य उठले आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनाही त्याचा जाच झाला. आमच्या घरांत पावाने बाटण्याची भीती नव्हती, पण ताडीचा प्रश्न होता. नानीची आई बाजारचा पाव दस्तरखानावर येऊ देत नसे. तिच्या घरात भाजणी फुगे ती खायच्या सोड्याने आणि आंबट दह्याने. हीच युक्ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ साली, बायकोला खमीर आणि अंडी सोसत नव्हती म्हणून, बेकिंग पावडरच्या डब्यात बंद केली. कारणे निरनिराळी, रसायन एकच. आज मी व्हॅनिलाची बाटली उलटून तिच्यात अल्कोहोल आहे का ते वाचते, तेव्हा त्या खापरनानीचीच नात असते.

दुसऱ्या केकच्या आधी मी वही घेऊन नानीजवळ बसले. रवा किती, तिने वाटी दाखवली. दही किती, ओंजळ दाखवली. आग किती, तर तिने माझा हात धरून ताटावर वीतभर उंच ठेवला आणि दरूद पढू लागली. दरूद पुरा होईपर्यंत हात ठेवता आला तर आग बरोबर, आधी काढावा लागला तर दोन निखारे उतरव. गंमत म्हणजे युरोपच्या जुन्या पाककृतींतही शिजवण्याचा वेळ प्रार्थनेने मोजलेला सापडतो.

मी घड्याळ लावून पाहिले. तिचा दरूद माझ्यापेक्षा चार सेकंद लांब भरला. वहीत दोन्ही आकडे लिहिले आहेत, तिचा वर आणि माझा खाली.