शेजारच्या बाकड्यावरचा धूर



मागच्या महिन्यात गटाच्या कर्जाच्या कामासाठी आम्ही चौघीजणी तालुक्याला निघालो होतो. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो. शेजारच्या बाकड्यावर एक आजोबा विडी ओढत होते. आमच्यातल्या एकीच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. ती काही बोलली नाही. उठली आणि लांब उन्हात जाऊन उभी राहिली. आजोबा सावलीतच बसून राहिले. त्यांच्या डोक्यावर पाटी होती : येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे.

गाडीत मग आमचा वाद सुरू झाला. एक म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं? दुसरी म्हणाली, ज्याचं शरीर त्याचा प्रश्न, सरकारने त्यात कशाला पडावं? मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला माझा इतिहास होता, पण त्यात राजे आणि लढायाच जास्त. म्हणून ती पाटी तिथे कुठून आली, ते घरी येऊन शोधलं. तेच आज सांगते.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. अकबर बादशहाच्या दरबारात ती पोचली आपल्या शेजारच्या विजापूरहून. असद बेग नावाच्या सरदाराने ती नेली. दरबारी हकिमाने नको म्हटलं, तरी बादशहाने झुरका घेऊन बघितलाच. पुढे १६१७ साली जहांगीरने तंबाखू ओढण्यावर बंदीचं फर्मान काढलं. चिलमी काही विझल्या नाहीत. तेव्हा काळजी होती ती ओढणाऱ्याच्या प्रकृतीची. शेजारी बसणाऱ्याचा विचार कायद्यात आला तो बराच नंतर, आगगाडीच्या डब्यात.

इंग्रजांनी १८९० साली रेल्वेचा कायदा केला. त्यात एक कलम होतं : डब्यातल्या सहप्रवाशांची संमती नसताना कुणी धूम्रपान केलं, तर वीस रुपयांपर्यंत दंड. वाचून मला आधी नवलच वाटलं. सव्वाशे वर्षांपूर्वी इतका विचार! मग डोळ्यांपुढे तो डबा आणून बघितला. पदर सावरून कोपऱ्यात बसलेल्या बाईला कोण विचारणार, की बाई, तुमची संमती आहे का? ती गप्प बसली म्हणजे संमती आहे, असंच धरणार. १९८९ साली रेल्वेचा नवा कायदा आला. त्यात एखादी गाडी पूर्ण धूम्रपानमुक्त ठरवायचा अधिकार रेल्वेला मिळाला. पण डब्यासाठी नियम असा, की दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर ओढू नये. म्हणजे तोंड उघडायचं काम परत जिला त्रास होतो तिच्यावरच.

आता थोडं जपानला जाऊ. दुसऱ्याने सोडलेल्या धुराने माणूस खरंच आजारी पडतो का, हे कळलं ते तिथल्या बायकांमुळे. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात ताकेशी हिरायामा नावाचे डॉक्टर होते. त्यांनी स्वतः कधीच सिगारेट न ओढणाऱ्या ९१ हजार ५४० विवाहित बायकांची माहिती घेतली आणि चौदा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. कोण जगलं, कोण गेलं, कशाने गेलं, सगळं नोंदवलं. १९८१ साली निष्कर्ष छापून आला. ज्यांचे नवरे खूप सिगारेटी ओढत होते, त्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण सिगारेट न ओढणाऱ्यांच्या बायकांपेक्षा जवळपास दुप्पट होतं. सिगारेट कंपन्यांनी या अभ्यासावर भरपूर टीका केली. पण पुढे इतर देशांतल्या अभ्यासांतूनही तेच निघत गेलं.

ज्याचं शरीर त्याचा प्रश्न, या वाक्याचं उत्तर मला इथे मिळालं. शरीर त्याचं एकट्याचं नसतंच. (धूर आपल्याला नवा नाही म्हणा, चुलीपुढे आपण जन्म काढलाय. पण निदान त्या धुरावर भाकरी तरी भाजते.)

आपल्या देशात ही लढाई कोर्टात नेणाऱ्यांमध्येही एक बाईच होती. केरळमधल्या प्राध्यापिका मोनम्मा कोक्कड. रोजच्या प्रवासात लोकांच्या सिगारेटच्या धुराने त्या हैराण झाल्या होत्या. आपण काय करतो? खिडकी उघडतो, पदर नाकाला लावतो. त्यांनी दाद मागितली. १२ जुलै १९९९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला, की सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणं बेकायदेशीर आहे. कोर्टाने आधार घेतला तो भारतीय दंड संहितेतल्या १८६० सालच्या कलमांचा. सार्वजनिक उपद्रव करणं आणि हवा आरोग्याला अपायकारक करणं हे गुन्हे तेव्हापासून कायद्यात होतेच. विडी-सिगारेटच्या धुराला ते लावून बघा, असं म्हणणारं कुणी लागत होतं. शिवाय घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क होताच. या निकालाने माझ्या मते मोठी गोष्ट केली. शेजारणीची हरकत आहे की नाही हा प्रश्नच उरला नाही. ती बोलो न बोलो, तिच्या श्वासात धूर सोडणं चूकच.

पुढचं भराभर घडलं. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, शाळा, कचेऱ्या, कोर्ट, वाचनालयं, बस आणि रेल्वे अशा ठिकाणी देशभर बंदी घातली. २००३ साली संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, गांधीजयंतीला, नवे नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. मोकळ्या जागेला बंदी नाही, असं बरेच जण सांगतात. पण २००८ च्या नियमांत बसस्टँड, बसथांबा आणि रेल्वे स्टेशन यांना मोकळी जागा म्हणून सूट नाही. आणि पाटी लावणं, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव तिथे लिहिणं, हे त्या जागेच्या प्रमुखाचं काम आहे. त्याने तक्रारीकडे दुर्लक्ष केलं तर त्यालाही दंड होतो.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा सोलापूरकडून सून होऊन आलेली एक ताई गप्प होती. शेवटी म्हणाली, "माझ्या आईने हजार-हजार विड्या वळून आम्हाला शिकवलं. तुम्ही बंदी बंदी करता, तिने काय करायचं?" बैठक एकदम शांत झाली. सोलापूर, निपाणी, संगमनेर, सगळीकडे विड्या वळणाऱ्या हातांत बायकांचेच हात जास्त. मी तिला एवढंच सांगू शकले, की ही बंदी विडी करण्यावर नाही, विकण्यावरही नाही, चारचौघांत ओढण्यावर आहे. तिचं समाधान झालं नाही. लोकांनी ओढणं कमी केलं तर आईचं काम कमी होणारच, हे तिला माझ्याइतकंच कळतं. त्या बायकांना दुसरं काम कोण देणार, याचं उत्तर या कायद्यात नाही. ते मागायला हवं, असं माझं मत. पण त्यासाठी स्टँडवरच्या बाळाने धूर का घ्यावा? ती ताई मग स्वतःच म्हणाली, की तिची आई दिवसभर तंबाखूच्या भुकटीत बसते, पण नातवाला जवळ घ्यायच्या आधी हात घासून धुते.

आणि एक खरं सांगून टाकते. त्याच बैठकीत निम्म्या जणींच्या पिशवीत मिसरीची डबी होती. तिचा धूर कुणाला लागत नाही, हे खरं. पण तोही विषय आहे, पुढे कधीतरी.

घरात मात्र हा कायदा येत नाही. जपानच्या त्या बायका घरातच होत्या. आमच्या गटातल्या तिघींनी नवऱ्याला विडी ओढायला अंगणात पाठवायला सुरुवात केलीय. एकीचा जातो, एकीचा भांडतो, एकीचा पावसाळ्याची सबब सांगतो.

परवा आम्ही पुन्हा स्टँडवर गेलो. पाटी नीट वाचली. तक्रार कुणाकडे करावी, असं लिहून पुढे जागा मोकळीच सोडलीय. तिथे नाव लिहा, असा अर्ज आम्ही अकरा जणींच्या सह्यांनी दिलाय. पोच घेतली आहे.