बर्फावरचे रबर

चार्ल्स गुडइयरला 1830 च्या दशकात दोन ऋतूंनी छळले. कच्च्या रबराच्या वस्तू उन्हाळ्यात ओघळून चिकट होत आणि हिवाळ्यात लाकडासारख्या कडक पडत. अमेरिकी सरकारसाठी त्याने केलेल्या टपालाच्या पिशव्या उकाड्यात अशाच वाया गेल्या. 1839 मध्ये गंधक आणि उष्णता यांची जोडी त्याला गवसली, 1844 मध्ये पेटंट मिळाले आणि रबर कामाचे झाले. उन्हाळ्याचे भांडण तिथे मिटले. हिवाळ्याचे नुसते लांबणीवर पडले, कारण गंधकाने बांधलेले रबरही पुरेशा थंडीत ताठरते. बर्फात चालणाऱ्या ट्रक-पिकअपच्या टायरचा इतिहास हा त्या राहिलेल्या बाकीचा इतिहास आहे. ती फेडायला माणसाने आधी टायरला दात बसवले आणि रबर मऊ ठेवायचे तो फार उशिरा शिकला. निर्णायक ठरला तो मऊपणा, असे माझे म्हणणे आहे. आजचा पिकअपवाला टायर निवडताना अजून दातच मोजतो, ही गोष्ट वेगळी.

मोटार येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेतल्या गावांत बर्फ हटवण्यापेक्षा दाबण्याची रीत होती. घोडे जुंपलेले मोठे लाकडी रोलर रस्त्यावर फिरवत, म्हणजे घसरगाड्यांना गुळगुळीत वाट मिळे. मोटारीला ही सोय उलटी पडली. चाकाला घसरायचे नव्हते, धरायचे होते. चालक टायरला दोरखंड गुंडाळत. ते पाहून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड याने दोराच्या जागी साखळी आणली आणि 1904 मध्ये पेटंट घेतले. काहींनी तर चाकालाच रजा दिली. न्यू हॅम्पशायरच्या व्हर्जिल व्हाइटने फोर्डच्या मॉडेल टीला पुढे घसरपट्ट्या (स्की) आणि मागे फिरते पट्टे बसवायचा संच विकला. क्वेबेकच्या जोझेफ-आर्मां बाँबार्दिएचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात रस्ते बंद असल्याने इस्पितळात पोचू शकला नाही आणि दगावला, त्यानंतर तीनच वर्षांत त्या बापाने फिरत्या पट्ट्यांच्या बर्फगाडीचे पेटंट मिळवले. पण शेतकऱ्याला आणि दुकानदाराला दोन गाड्या परवडत नव्हत्या. फोर्डने 1925 मध्ये 281 डॉलरला कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी बाजारात आणली, तिने बाराही महिने राबावे अशीच मालकाची अपेक्षा असणार. तिचे टायर अरुंद होते आणि पातळ बर्फात ती अडचण नव्हती: अरुंद टायर बर्फ कापत खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर वरच तरंगतो.

खास बर्फासाठी घडवलेला टायर फिनलंडमध्ये जन्मला, आणि तोही मोटारीसाठी नव्हे तर ट्रकसाठी. नोकिया गावच्या रबर कारखान्याने (पुढे 1967 च्या विलीनीकरणातून मोबाइलवाली नोकिया झाली, तिच्यात हाही होता) 1934 मध्ये ‘केलिरेंगास’ काढला. ‘केली’ म्हणजे रस्त्याची हवामानानुसारची अवस्था, ‘रेंगास’ म्हणजे टायर. आडव्या, खोल खाचांची त्याची नक्षी भुसभुशीत बर्फ पकडून मागे ढकलत असे; साखळी जे काम लोखंडाने करते ते त्याने रबराच्या आकाराने केले. 1936 मध्ये मोटारींसाठी ‘लुमी-हाक्कापेलीट्टा’ आला. तीस वर्षांच्या युद्धातल्या फिन घोडदळाचे ते नाव. नाव लढाऊ आणि नक्षीही लढाऊ. घाट चढणाऱ्या ट्रकवाल्यांच्या दृष्टीने हा मोठा शोध होता, यात वाद नाही. पण रबराचे मिश्रण मऊ ठेवण्याचा प्रश्न तिथे पुरता सुटला नव्हता. लोखंडी दातांच्या जागी रबरी दात आले, एवढेच.

दातांची कमाल खिळ्यांच्या टायरने गाठली. टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे खिळे रबरात बसवलेला हा टायर दुसऱ्या महायुद्धानंतर आधी उत्तर युरोपात, मग अमेरिकेत आणि जपानमध्ये पसरला. ओल्या, काचेसारख्या बर्फावर त्याला आजही सहसा तोड नाही, हे खिळ्यांच्या समर्थकांचे म्हणणे खरे आहे. पण हिवाळ्यातले सगळे दिवस बर्फाचे नसतात. मोकळ्या डांबरावर तेच खिळे रस्ता किसतात. मिनेसोटाने 1971 मध्ये आणि पश्चिम जर्मनीने 1975 मध्ये त्यांवर बंदी घातली ती मुख्यतः रस्त्यांच्या नासाडीमुळे. जपानमध्ये प्रकरण श्वासापर्यंत गेले: सेंदाईसारख्या शहरांत डांबराची बारीक धूळ हवेत उडून नागरिकांच्या फुफ्फुसांत जाऊ लागली, ओरड झाली आणि 1990 मध्ये खिळ्यांच्या धुळीविरुद्ध राष्ट्रीय कायदा झाला. खिळ्यांना पर्याय त्याआधीच आला होता: ब्रिजस्टोनने 1988 मध्ये आणलेल्या ‘ब्लिझ्झॅक’च्या रबरात सूक्ष्म छिद्रे होती. यामागची समज महत्त्वाची आहे. बर्फ निसरडा असतो तो नुसत्या गुळगुळीतपणाने नव्हे, वरच्या पाण्याच्या पातळ थरामुळे; म्हणूनच शून्याच्या आसपासचा बर्फ उणे 20 च्या बर्फापेक्षा दगाबाज. छिद्रे ते पाणी शोषतात आणि थंडीतही मऊ राहणारे रबर बर्फाच्या खडबडीतपणाला चिकटून बसते. जॉन साइपने 1923 मध्येच पेटंट घेतलेल्या बारीक चिरांना या मऊ रबरात खरा अर्थ आला: कडक ठोकळ्यात चीर नुसती चीर राहते, मऊ ठोकळ्यात ती उघडून धार देते. शिवाय खाचांत बर्फ भरला की तो चिकटतो रस्त्यावरच्या बर्फालाच, आणि बर्फाची बर्फावर पकड रबराच्या पकडीपेक्षा चांगली असते.

यावर पिकअपवाला म्हणेल, चारही चाकांना ताकद देणारी गाडी असल्यावर हे सारे कशाला? हा प्रश्न चुकीचा नाही, अर्धा आहे. चारचाकी चालन गाडीला पुढे ढकलते. थांबताना मात्र सगळ्याच गाड्या चार चाकांवर थांबतात, आणि तिथे इंजिनाचा काही उपयोग नाही. रिकाम्या हौद्याची पिकअप मागे हलकी असते, म्हणून मालक मागच्या ॲक्सलजवळ वाळूच्या पोत्यांचे वजन बांधून ठेवतात. त्याने सुटायला मदत होते, पण वळणावर तेच वजन आवरावेही लागते. दुसरा आक्षेप बाराही महिने चालणाऱ्या टायरचा. 1977 मध्ये गुडइयर कंपनीने ‘टिएम्पो’ आणला तेव्हापासून अमेरिकेत असा समज रुजला की एकच टायर सर्व ऋतूंना पुरतो. त्याच्या कडेवरची ‘एम अँड एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, ही अक्षरे नक्षीच्या आकारावरून दिली जात. बर्फावर चाचणी होत नसे. दातांवर ठेवलेला हा कागदोपत्री विश्वास टिकला नाही, आणि 1999 मध्ये अमेरिका व कॅनडाच्या रबर संघटनांनी तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह आणले. ते मिळवण्यासाठी दाबलेल्या बर्फावर मानक टायरच्या तुलनेत किमान 110 गुण लागत. चाचणी ओढण्याची होती, थांबण्याची नव्हती, हा दोष खराच. तरी आकारापेक्षा कामाला गुण देण्याची ती सुरुवात होती.

माझ्या मांडणीला सर्वांत जड जाणारा पुरावा आइसलंडचा आहे. तिथल्या हिमनद्यांवर टोयोटा हायलक्ससारख्या पिकअप 38 इंची, रुंद टायरवर धावतात. अरुंद टायर कापतो, हा नियम तिथे निरुपयोगी, कारण खाली रस्ताच नाही; तिथे तरंगणेच हवे. पण ते तरंगतात कशाने? हवा काढून. दाब अगदी खाली आणला की टायर पसरतो, मऊ होतो, बर्फावर बसतो. आइसलंडवासीयांनी रसायनाऐवजी हवेचा मऊपणा वापरला. हिमालयातले उदाहरण आणखी वेगळे आहे. पुण्याहून किंवा चंदीगडहून लडाखकडे जाणाऱ्या ट्रकच्या प्रवासात बर्फ आहे तो थोड्या घाटांपुरता. मऊ रबर खालच्या उकाड्यात लवकर झिजेल, म्हणून तिथले चालक चढणीला चेन घालतात आणि उतरल्यावर काढतात, ते व्यवहाराला धरून आहे. मऊपणाला किंमत असते, ती प्रत्येक रस्त्यावर परवडेलच असे नाही.

जिथे हिवाळा दीर्घ आहे तिथे मात्र मऊपणाची रीतच पडली. जर्मनीत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा ठोकताळा रूढ आहे, क्वेबेकने 2008 पासून हिवाळी टायर सक्तीचे केले, आणि मॉन्ट्रियलमधल्या मराठी घरांतही टायरबदलीची तारीख ठरवावी लागते. साधारण 7 अंशांखाली उन्हाळी रबर ताठरू लागते, असे टायर-उद्योग सांगतो. देखभालीतही हेच सूत्र दिसते. पारा सुमारे साडेपाच अंश उतरला की टायरची हवा साधारण एक पीएसआयने कमी होते, म्हणून पहिल्या थंडीत ती तपासतात. चारही टायर एकसारखेच घालतात, काढलेले अंधाऱ्या थंड जागी ठेवतात. कायद्याने ठरवलेली खाचांची किमान खोली अनेक देशांत 1.6 मिमी असली, तरी कॅनडात 4 मिमीच्या खाली झिजलेला टायर बर्फाळ रस्त्यावर वापरू नये असे सांगतात, कारण कमी खोलीच्या खाचा बर्फ धरत नाहीत. आणि वापरलेल्या जुन्या टायरची पारख करणारा कडेवरचे चार आकडेही वाचतो: 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. त्या टायरची नक्षी अजून खोल असली, तरी रबर कधीच कडक झालेले असू शकते.