इम्प्लांटला कीड लागत नाही, मग ते हलायला का लागतं? दात बसवल्यावर कोणत्या सवयी महागात पडतात?

'एकदा इम्प्लांट बसवलं की आयुष्यभराची चिंता मिटली,' असं अनेकांना वाटतं. हजारो रुपये मोजून, काही महिने वाट पाहून बसवलेला दात. त्यात तो कृत्रिम, म्हणजे किडण्याचा प्रश्नच नाही. यातला किडण्याचा मुद्दा खरा आहे. पण इम्प्लांट ज्या हाडात रोवलेलं असतं ते हाड आणि त्याभोवतीची हिरडी मात्र तुमचीच असते. तिथे बिघाड झाला की चांगलं बसलेलं इम्प्लांटही सैल होतं. तो बिघाड टाळणं बऱ्याच अंशी रोजच्या सवयींवर अवलंबून असतं.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा एक छोटा स्क्रू बसवला जातो. साधारण ३ ते ६ महिन्यांत हाड त्या स्क्रूला घट्ट धरतं आणि मग त्यावर दातासारखी दिसणारी कॅप लावली जाते.

टायटॅनियम आणि हाड असे एकजीव होतात, हे स्वीडनचे डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनमार्क यांच्या १९५०च्या दशकात सशांवर प्रयोग करताना लक्षात आलं. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाला इम्प्लांट बसवले. लार्सन यांचं २००६ मध्ये निधन झालं, तोपर्यंत म्हणजे ४० वर्षांहून जास्त काळ ते त्यांनी वापरले.

सगळ्यांचंच इम्प्लांट इतकं टिकेल असं नाही. पण १० वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वरची कॅप मात्र झिजू किंवा फुटू शकते आणि ती मधे बदलावी लागू शकते.

दुखत नाही, हाच खरा धोका

आपल्या मूळच्या दातात नस असते. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थरही असतो. तो गादीसारखा दाब झेलतो आणि जास्त जोर पडला की लगेच जाणीव करून देतो. इम्प्लांटला नस नाही आणि हा थरही नाही.

त्यामुळे इम्प्लांटभोवती जंतूंचा चिकट थर साचला, तर सुरुवातीला फक्त हिरडी सुजते आणि ब्रश करताना रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई केली तर हिरडी पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झालं तर आजूबाजूचं हाड झिजू लागतं. याला 'पेरी-इम्प्लांटायटिस' म्हणतात. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. हे सगळं अनेकदा न दुखता होतं. इम्प्लांट हलायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

कोणत्या सवयींकडे लक्ष द्यायचं?

१. वरवर ब्रश करणं: हिरड्यांच्या आजारांवर २०१७ मध्ये शिकागोत जगभरातल्या तज्ज्ञांची परिषद झाली. पेरी-इम्प्लांटायटिसचा सर्वांत भक्कम संबंध त्यांना तीन गोष्टींशी दिसला: आधी झालेला हिरड्यांचा गंभीर आजार, नीट सफाई न होणं आणि नियमित तपासणी न करणं. म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपर्यंत घासा. दोन दातांमधल्या फटीसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश वापरा. त्याचा आकार डॉक्टरांकडून ठरवून घ्या. राखुंडी किंवा खरखरीत दंतमंजन टाळा, कॅपवर ओरखडे पडतात.

२. सिगारेट, बिडी, तंबाखू: धूम्रपानामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम उशिरा भरते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यास सांगतात. आपल्याकडे गुटखा आणि मशेरीचीही सवय आहे. 'दात स्वच्छ होतात' म्हणून अनेक घरांत मशेरी लावली जाते, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. त्यामुळे हिरड्यांना इजा होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

३. दात खाणं आणि सुपारी फोडणं: झोपेत दात खाण्याची सवय असेल तर इम्प्लांटवर सतत जोर येतो, पण तो जाणवत नाही. कॅप फुटणं, आतला स्क्रू सैल होणं असे प्रकार यातून होतात. सकाळी जबडा दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. ते रात्री लावायचं नाइट गार्ड बनवून देतात. सुपारी किंवा बर्फ चावणं, दाताने बाटलीचं झाकण उघडणंही बंद करा.

४. साखरेकडे दुर्लक्ष: मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्गाचा धोका वाढतो. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट बसवताच येत नाही असं नाही. पण साखर नियंत्रणात ठेवणं हा दाताच्या काळजीचाच भाग समजा.

५. 'दुखलं की जाऊ' ही सवय: दुखत नसलं तरी साधारण दर ६ महिन्यांनी तपासणी करून घ्या. हिरड्यांचा जुना आजार किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर आणखी लवकर बोलावू शकतात. गरज पडल्यास एक्स-रे काढून हाड किती आहे ते पाहिलं जातं. हाडाची झीज आरशात दिसत नाही.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

इम्प्लांटजवळ रक्त किंवा पू येणं, हिरडी सुजणं किंवा खाली सरकणं, तोंडाला सतत वाईट चव किंवा वास येणं, दात हलल्यासारखा वाटणं, यापैकी काहीही दिसलं तर थांबू नका. काही वेळा फक्त कॅपचा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो घट्ट करून काम भागतं. हिरडीची सूज असेल तर सफाईने ती उतरू शकते. पण हाड गेलं की उपचार लांबतात, खर्च वाढतो आणि कधी कधी इम्प्लांटच काढावं लागतं.