जातें, मायक्रोफोन आणि संगणक

इंदापूर हें नांव महाराष्ट्राच्या इतिहासांत ऐकूं येतें तें बहुधा जहागिरीच्या कागदांतून. मालोजी राजे भोसले इंदापूरच्या रणांत पडले. पुढें शहाजी राजांच्या जहागिरींत पुणें, सुपें, चाकण यांच्या जोडीनें इंदापूरचा उल्लेख येतो. सारा, वतन, तंटा आणि निवाडा यांची नोंद मोडी कागदांनीं मोठ्या बारकाईनें ठेविली. परंतु ज्या घरांच्या कष्टावर तो सारा उभा राहत असे, त्या घरांतील स्त्री पहाटे जात्यावर बसून काय गात होती, ह्याची दाद त्या कागदांनीं घेतली नाहीं. तिची बखर जात्यावर रचली जाई आणि उजाडतां उजाडतां हवेंत विरून जाई.

हा आवाज इतिहासाच्या दप्तरांत कसा दाखल झाला, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. ह्या हकीकतींत संगणकास मायक्रोफोन जोडणें ही वरकरणी क्षुल्लक गोष्ट मध्यवर्ती आहे, असें म्हटल्यास वाचकांस प्रथम चमत्कारिक वाटेल. पण कागदी दस्तऐवजाचें मोल जसें शाईवर आणि लिहिणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतें, तसें आवाजाच्या दस्तऐवजाचें मोल ह्या एका सांध्यावर अवलंबून असतें.

एडिसननें १८७७ सालीं बोलणारें यंत्र सिद्ध केलें. त्यानंतर जवळजवळ अर्धें शतक ध्वनिमुद्रण म्हणजे कर्ण्यापुढें उभें राहून मोठ्यानें गाणें असे. सुई हलावयाची ती गळ्याच्याच बळानें. तेव्हां बुलंद आवाजाचें निभावे, हलक्या आवाजाचें निभत नसे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीतर्फें गैसबर्ग हिंदुस्थानांत आला तोहि असाच कर्णा घेऊन. १९२५ च्या सुमारास कर्ण्याची जागा मायक्रोफोननें घेतली आणि सुई हलविण्याचें काम गळ्याकडून विजेकडे गेलें. स्वतःशींच किंवा जात्याच्या दुसऱ्या बाजूस बसलेल्या जावेपुरतें गाणाऱ्या बाईचा आवाज टिपणें आतां प्रथमच शक्य झालें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईची नभोवाणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुण्याचें केंद्र निघालें. तथापि मायक्रोफोन राहिला शहरांत आणि जातें राहिलें खेड्यांत.

हें अंतर तोडण्याचें श्रेय मुख्यतः गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांस द्यावें लागेल. पॉइटवाँ हे जन्मानें फ्रेंच, पण पुण्यास स्थायिक होऊन भारताचे नागरिक झालेले. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील एक हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. इंदापूर तालुक्यांतील गायिकांच्या ओव्याहि ह्या संग्रहांत आहेत. परंतु लिहिलेली ओवी म्हणजे अर्धी ओवी. तिची चाल आणि तिचा श्वास कागदावर उतरत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत संगणक आणि संगीत ह्या दोहोंचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि हजारों ओव्या अंकीय फितींवर मुद्रित झाल्या. अशा फितीवर आवाज अंकांच्या रूपांत असतो. म्हणून तो संगणकांत नेतांना झिजत नाहीं.

तोंवर कांहीं गोष्टी हातच्या निसटल्या होत्या. गिरण्यांनीं जातीं कोपऱ्यांत ढकललीं होतीं. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि जुन्या पळसदेवासह कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवाचें देऊळ पुन्हां दिसूं लागतें. दगड पाण्यांत टिकतो. आवाज मात्र गळ्याबरोबर जातो.

आतां तो सांधा पाहूं. मायक्रोफोनमधून निघणारी वीज अगदीं दुबळी, व्होल्टाच्या हजाराव्या भागाच्या आसपासची असते. ती शेंकडों, प्रसंगीं हजारपट वाढविण्याचें काम मिक्सर करितो. कांहीं नाजूक मायक्रोफोनांस ४८ व्होल्टांचा पुरवठा लागतो, तोहि मिक्सरच देतो. मग ही सशक्त झालेली वीज संगणकाकडे जाते आणि तेथें तिचें माप सेकंदास ४४,१०० वेळां किंवा त्याहूनहि अधिक वेळां घेतलें जातें. मायक्रोफोन थेट संगणकाच्या लहानशा खोबणींत खुपसला, तर आवाज बहुधा क्षीण येतो आणि यंत्राची खरखर वर येते. उलट मिक्सरची कळ फार चढविली, तर आवाजाचीं शिखरें कापलीं जातात. मिक्सर आणि संगणक निरनिराळ्या ठिकाणच्या विजेवर लावले, तर पुष्कळदां सेकंदास ५० आवर्तनांची घरघर ओवीच्या तळाशीं बसते. पुढें कितीहि संस्कार केले तरी कापलेलें शिखर परत येत नाहीं. नक्कल करणाऱ्यानें गाळलेली ओळ जशी मागाहून अनुमानानें भरावी लागते, तशीच ही गत.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. एक मायक्रोफोन गाणारीपुढें आणि एक जात्याजवळ ठेविला, तर दोन आवाज निरनिराळे येतात. साधा मिक्सर ते कालवून एकत्र संगणकाकडे धाडतो. आणि पाण्यांत मीठ विरघळल्यावर तें वेचून काढणें जितकें कठीण, तितकेंच हें कठीण. प्रत्येक आवाज स्वतंत्रपणें संगणकांत नेणारी यंत्रें आज मिळतात. कोणता आवाज पुढें, कोणता मागें, हा निर्णय मिक्सरच्या कळीवर असलेलें बोट करितें. आणि तें बोट इतिहासकाराचेंच असतें. म्हणून मूळ आवाज न कालवतां जपावे आणि मिश्रण नकलेवर करावें, हा नियम जुन्या कागदांइतकाच येथेंहि पाळला पाहिजे.

आज हीं साधनें दूर राहिलेलीं नाहींत. शेजारीं बारामतीस विद्या प्रतिष्ठानाची 'वसुंधरा वाहिनी' ही सामूहिक नभोवाणी आहे. आणि पॉइटवाँ-राईरकर संग्रहांतील ओव्या २०१७ पासून 'पारी' ह्या संस्थेनें संगणकाद्वारें सर्वांस खुल्या केल्या आहेत. ज्या आज्यांनीं जात्यावर खरोखर दळलें, त्यांतील ज्या आज हयात आहेत त्या बहुतेक वार्धक्यांत आहेत. एखादा नातू मायक्रोफोन घेऊन त्यांच्यापुढें बसेल, तर त्यानें घाई करूं नये. तार नीट जोडावी, घरघर आधीं काढावी, कळ बेतानें चढवावी, आणि मगच म्हणावें, "आजी, आतां गा." कागदाचा इतिहास पुन्हां वाचतां येतो, ही ओवी मात्र कदाचित् पुन्हां ऐकावयास मिळणार नाहीं.