विड्याचा जावई आणि गाढवावरची धुळवड

धुळवड जवळ आली की केज तालुक्यातल्या विडा गावचे जावई दिसेनासे होतात. कुणी फोन बंद ठेवतो, कुणी गावच सोडतो. कारण त्या दिवशी एका जावयाला गाढवावर बसवायचं, गळ्यात चपलांचा हार घालायचा आणि रंग उधळत गावभर मिरवायचं, अशी इथली रीत आहे. पोरं आधीपासूनच जावई हेरून ठेवतात, सापडलेल्यावर पहारा असतो. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपते. तिथं त्याच जावयाला त्याच्या पसंतीचे कपडे आहेर म्हणून मिळतात.

ही प्रथा ऐंशीहून जास्त वर्षांची असल्याचं गावकरी सांगतात. आनंदराव देशमुखांनी आपल्याच जावयापासून ती सुरू केली, असं म्हणतात. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, १९४८ पर्यंत.

बातम्यांत याला ‘अनोखी प्रथा’ म्हणतात आणि विषय संपतो. आम्हाला मात्र त्यात दोन जुन्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. पहिली म्हणजे धूळ. नावातच आहे बघा, धूलिवंदन! आपल्याकडे या दिवशी होळीची राख आणि माती एकमेकांच्या अंगाला लावायची. रंग पाच दिवसांनी, रंगपंचमीला. रंगही बाजारचा नव्हे. फाल्गुनात बालाघाटाच्या डोंगरात पळस फुलतो, त्याची फुलं उकळली की केशरी पाणी मिळतं. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या इंग्रज पोराला (तेव्हा तो अठरा वर्षांचा होता) डांबरापासून जांभळा रंग गवसला. त्यातून रासायनिक रंगांचा धंदा उभा राहिला, रंग स्वस्त झाले आणि पुढे धुळवडीतही रंग आला. पण मूळ सण राखेचा, मातीचा. म्हणजे सगळ्यांना एकदा मातीत आणण्याचा.

दुसरी गोष्ट धिंड. पेशवाईत गाढवावरून धिंड काढणं ही खरीखुरी शिक्षा होती. त्याही आधीच्या दानशिळांवर, दान मोडणाऱ्याला शिवी म्हणून गाढव कोरलेलं सापडतं. त्यांना गधेगाळ म्हणतात. गाढवावर बसणं म्हणजे अब्रू जाणं, हे आपल्या मनात इतकं खोल रुतलेलं आहे.

आणि तिथं बसवतात कुणाला? जावयाला! ज्याला आपण दहावा ग्रह म्हणतो, धोंड्याच्या महिन्यात चांदीच्या ताटात अनारसे वाढतो, ज्याच्या रुसण्याला अख्खं सासर घाबरतं, त्याला. हुंड्याच्या काळात त्या मानाची किंमत मुलीच्या बापानं शेत विकून मोजलेली आहे, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. म्हणून ही थट्टा आम्हाला नुसती गंमत वाटत नाही. वर्षभर वरच्या पायरीवर बसलेल्याला गाव एक दिवस खाली उतरवतं. तोही ते सोसतो, कारण शेवटी आहेर आहे आणि उद्यापासून मान पुन्हा सुरू.

एक मात्र खटकतं. एरवी आपल्याकडे ज्यांची धिंड निघते, त्यांना देवळाशी कुणी नवे कपडे देत नाही. ती बहुधा गरिबाची निघते, दलिताची निघते, बाईची निघते, आणि तिथं हसणारे वरचे असतात. गाढव तेच, हारही तोच. विड्यात जावई चपलांचा हार काढून घरी जेवायला जातो आणि सासू त्याच्या पानात पुरणपोळी वाढते, तूप जरा जास्तच.