सासऱ्याने पाडलेला पायंडा

फुटबॉलमधल्या एजंटांना नावं ठेवायला फारशी अक्कल लागत नाही. मी पडलो हिशेब तपासणारा. मला आधी हेच विचारावंसं वाटतं, की एजंट नव्हते तेव्हा खेळाडूची बाजू कोण बघायचं?

हॉलंडपुरतं सांगायचं तर कुणीच नाही. 1954 पर्यंत तिथे पैसे घेऊन खेळायलाच मनाई. फास विल्केस 1949 मध्ये इटलीत इंटरकडे गेला आणि महासंघाने त्याला राष्ट्रीय संघाचं दार बंद केलं. 1953 च्या महापुरानंतर परदेशात खेळणाऱ्या अशाच डच खेळाडूंनी पॅरिसमध्ये मदतीचा सामना खेळून फ्रान्सला 2-1 हरवलं, तेव्हा कुठे लोकमत फिरलं. बंदी उठली, पण कराराचा कागद क्लबनेच लिहायचा आणि पोराने सही ठोकायची.

आयाक्स क्लबच्या योहान क्रायफने मात्र 1968 मध्ये लग्न केलं ते ॲमस्टरडॅमच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीशी. सासरा, कोर कोस्टर, व्यवहाराला पक्का. परदेश दौऱ्यात महासंघाच्या अधिकाऱ्यांचा विमा उतरवलेला असतो, खेळाडूंचा नाही, हे जावयाच्या लक्षात आलं होतंच. आता भांडणाला जोडीदार मिळाला. 1973 मध्ये आयाक्सने त्याला विकायची बोलणी रेआल माद्रिदशी केली होती. क्रायफ अडून बसला आणि बार्सिलोनालाच गेला, सुमारे 60 लाख गिल्डरला. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात डच संघातल्या बाकी सगळ्यांच्या जर्सीवर आदिदासचे तीन पट्टे, याच्या जर्सीवर दोनच. कारण याचा करार पुमाशी!

तोच क्रायफ पुढे स्पेनमध्ये वराहपालनात पैसा घालून लाखोंना बुडाला. सासऱ्याने येऊन तो धंदा थांबवायला लावला. मैदानावरची हुशारी वहीत उतरेलच असं नाही, एवढंच.

नंतर माजी खेळाडूच एजंटगिरीच्या धंद्यात आले. सोरेन लेर्बी जन्माने डेन्मार्कचा, पण आयाक्समध्ये घडला. बायर्न, मोनॅको करत पीएसव्हीकडून 1988 चा युरोपियन कप जिंकला आणि पुढे वेस्ली स्नायडरचा एजंट झाला. नोव्हेंबर 1985 मध्ये हा गडी दुपारी डब्लिनला डेन्मार्ककडून आणि संध्याकाळी बोखुमला बायर्नकडून खेळला होता. दमणूक काय असते हे अशा माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

1995 च्या बोस्मन निकालाने करार संपलेला खेळाडू मोकळा झाला आणि या धंद्यात खरा पैसा आला. फिफाने 2015 मध्ये एजंटांचे परवाने बंद केले आणि 2023 मध्ये परीक्षेसकट परत आणले. ते योग्यच झालं. पण कोस्टर एकाच बाजूचा माणूस होता. खेळाडू आणि त्याला विकत घेणारा क्लब, दोघांचीही संमती असेल तर एजंटाने दोघांकडूनही पैसे घ्यावेत, ही मुभा नव्या नियमांतही आहे. असा हिशेबनीस मी तरी कामावर ठेवणार नाही.